तेलाच्या दिव्याची साक्ष

मोटार चालवणाऱ्याच्या समोर जे लहानमोठे दिवे मांडलेले असतात, त्यांपैकी एकाचा रंग तांबडा असून त्यावर तेलाच्या झारीचे चित्र असते. झारीच्या तोंडाशी एक थेंबही दाखविलेला असतो. इंजिनातील तेलाचा दाब घटला की हा दिवा लागावा, अशी योजना आहे. तो लागला आणि लागलेलाच राहिला, तर काय करावयाचे याविषयी दुमत नाही. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावयाची आणि इंजिन ताबडतोब बंद करावयाचे. पेच पडतो तो निराळ्याच प्रसंगी. दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. चार दिवस काहीच घडत नाही. पाचव्या दिवशी घाटाच्या वळणावर, किंवा चौकात गाडी उभी असताना, तो पुन्हा लुकलुकतो. गाडी गॅरेजात नेली की तेथे तो एखाद्या शहाण्या मुलासारखा वागतो, आणि मेकॅनिक आपल्याकडे संशयाने पाहू लागतो. आज ज्या दोषाविषयी मी बोलणार आहे तो हा. येणारा, जाणारा आणि पाहू म्हटले की न सापडणारा.

अशा वेळी माणसे बहुधा दोन मार्गांनी जातात. काही जण म्हणतात, 'दिव्यालाच काहीतरी झाले आहे, इंजिन तर उत्तम चालते आहे', आणि तसेच पुढे जातात. दुसरे काही जण लगेच सेन्सर बदलून घेतात, आणि आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला म्हणजे आणखी काहीतरी बदलतात. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे, ती अशी की चौकशी न करताच निर्णय झालेला असतो. सरकारी कचेरीत निनावी अर्ज येतात, ते हाताळण्याची सवय असलेल्या माणसाला येथे काय चुकले ते चटकन कळेल. निनावी अर्ज खोटा असू शकतो, म्हणून तो टोपलीत टाकून चालत नाही. आणि तो खराही असू शकतो, एवढ्यावरून कोणाला निलंबित करूनही चालत नाही. त्यात जे म्हटले आहे ते दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याने तपासावे लागते. तेलाच्या दिव्याचेही तसेच आहे. दाब खरोखर घटला होता काय, हा पहिला प्रश्न. बाकीचे सर्व प्रश्न त्यानंतरचे.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी तेलाचे काम काय ते थोडक्यात पाहू. इंजिनातील क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो ज्या बेअरिंगांत फिरतो, त्यांच्यात आणि त्याच्यात केसाच्या जाडीहूनही कमी अंतर असते. या अंतरात तेलाचा एक पातळ थर सतत राहतो, आणि फिरणारा दांडा त्या थरावर अक्षरशः तरंगतो. धातूला धातू लागत नाही. ही गोष्ट प्रथम प्रयोगाने उघड झाली ती इंग्लंडमध्ये. बोशां टॉवर नावाचा अभियंता १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तर आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने लाकडी बूच बसविले. तेही बाहेर ढकलले गेले. अखेर तेथे दाबमापक जोडला, तेव्हा त्याचा काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरील सरासरी भार मात्र सुमारे १०० पौंडच होता. तीन वर्षांनी, १८८६ साली, ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने या घटनेची गणिती उपपत्ती मांडली. फिरणारा दांडा आपल्या गतीनेच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि त्यातून स्वतःला उचलून धरणारा दाब निर्माण करतो, असे तिचे सार होय.

आता आपल्या मोटारीत तेलाचा जो पंप असतो, त्याचे काम या थराला अखंड तेल पुरविणे एवढेच आहे. पंप तेल ढकलतो, अरुंद फटी त्याला अडवितात, आणि या ओढाताणीतून नळ्यांमध्ये दाब उत्पन्न होतो. म्हणजे दाब घटण्याची कारणे तीन ठिकाणी शोधावयाची: पंपाकडे पुरेसे तेल येत नाही, तेल फार पातळ झाले आहे, किंवा बेअरिंगांच्या फटी झिजून रुंद झाल्या आहेत. टायरमध्ये ३०-३२ पौंड हवा भरण्याची आपल्याला सवय असते. त्याच मापाने बोलावयाचे तर रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक मोटारींत तेलाचा दाब ३० ते ६० पौंडांच्या आसपास असतो. इंजिन तापलेले असून गाडी जागच्या जागी उभी असेल, तर तो १० ते २० पौंडांवर उतरणे स्वाभाविक आहे. नेमके आकडे गाडीगणिक निराळे असतात. काही नव्या इंजिनांतील पंप तर गरज नसेल तेव्हा मुद्दाम कमी दाब ठेवतात. म्हणून शेवटचा शब्द त्या त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेचाच मानला पाहिजे.

दाबाची ही वार्ता चालकापर्यंत पोचते कशी? जुन्या आणि साध्या योजनेत इंजिनाच्या अंगावर एक छोटा स्विच स्क्रूसारखा बसविलेला असतो. त्यात एक लवचीक पडदा असतो. तेलाचा दाब नसला की आतील दोन टोके एकमेकांना चिकटून दिवा लागतो. दाब आला की पडदा मागे सरतो, टोके सुटतात आणि दिवा विझतो. किल्ली फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागलेला दिसतो तो यामुळेच. या योजनेत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही की असा स्विच सामान्यतः अवघ्या ४ ते ७ पौंडांवर चालतो. जेथे ४० पौंड हवेत तेथे १५ च उरले, तरी हा दिवा गप्प राहील. तो लागतो तेव्हा दाब थोडासा कमी झालेला नसतो, तो जवळजवळ संपलेला असतो. दुसरी गोष्ट अशी की स्विचची वायर सोलवटून इंजिनाच्या लोखंडाला टेकली, तर दाब उत्तम असतानाही दिवा लागेल. उलट तीच वायर तुटली, तर दाब शून्यावर आला तरी दिवा लागणार नाही. पहिल्या दोषाने माणूस घाबरतो आणि गॅरेजात जातो. दुसरा दोष त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून रोज किल्ली फिरवताना हा दिवा लागतो की नाही, हे पाहण्यात जो एक क्षण जातो, तो सत्कारणी लागला असे समजावे.

नव्या गाड्यांपैकी पुष्कळांत स्विचऐवजी खरा सेन्सर असतो. सिलिकॉनसारख्या पदार्थावर ताण पडला की त्याचा विद्युत्-विरोध लक्षणीय प्रमाणात बदलतो, हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ याने १९५४ साली दाखवून दिले. त्या शोधातून निघालेले सेन्सर आज सर्वत्र आहेत. अशा सेन्सरला साधारणतः तीन वायरी असतात. एकीतून गाडीचा संगणक त्याला ५ व्होल्ट पुरवितो, दुसरी अर्थिंगची, आणि तिसरीतून तो आपला निरोप परत पाठवितो. पुष्कळ सेन्सरांत दाब शून्य असताना हा निरोप सुमारे अर्ध्या व्होल्टचा आणि पूर्ण दाबाला सुमारे साडेचार व्होल्टचा असतो. शून्याला शून्य व्होल्ट न ठेवण्यात शहाणपण आहे. वायर तुटली तर शून्य व्होल्ट येतील, आणि 'दाब नाही' व 'बातमीच नाही' या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे संगणकाला ओळखता येईल.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर तपासाकडे वळू. पहिले पाऊल रस्त्यावरच टाकावयाचे असते. दिवा लागला की इंजिन बंद करावे, सपाट जागी गाडी काही मिनिटे उभी ठेवावी, आणि तेलाची पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून तेलाची पातळी पाहावी. वरच्या व खालच्या खुणांच्या मध्ये तेल असले पाहिजे. खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर दिवा बहुधा खरे बोलतो आहे. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल आणि ते पाण्यासारखे पातळ लागत असेल, तरीही तेच. इंजिनातून नेहमी नसणारी टक् टक् ऐकू आली असेल, तर पुढे एक मैलही जाण्याचा मोह धरू नये. गाडी ओढून न्यावी. तेलाची पातळी ठीक आहे आणि आवाज स्वच्छ आहे, एवढ्याने मात्र दाब ठीक होता हे सिद्ध होत नाही. तशी शंका घ्यावयास फक्त जागा उरते.

दुसरे पाऊल टिपणाचे. लुकलुकणारा दोष गॅरेजात सापडत नाही याचे कारण असे की तो ज्या परिस्थितीत येतो, ती परिस्थिती गॅरेजात नसते. तेव्हा ती परिस्थिती कागदावर उतरवून न्यावी. दिवा लागला त्या वेळी इंजिन थंड होते की तापलेले? गाडी उभी होती की धावत होती? वळण, चढ, उतार किंवा खड्डा होता काय? पाऊस होता काय, किंवा आदल्या दिवशी इंजिन धुतले होते काय? दिवा किती वेळ राहिला? असे पाच-सहा प्रसंग टिपले की त्यांतून बहुधा एक सुसंगत चित्र दिसू लागते.

समजा, मे महिन्यात नागपूर किंवा जोधपूरच्या रस्त्यावर तासभर चालल्यानंतर, सिग्नलला थांबताच दिवा मिणमिणतो, आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबला की विझतो. हे लक्षण तेलाच्या बाजूचे आहे. उष्णतेने तेल पातळ होते, इंजिन सावकाश फिरत असल्याने पंपही कमी तेल ढकलतो, आणि त्यात बेअरिंगे झिजलेली असली तर दाब टिकत नाही. गाडीला योग्य त्यापेक्षा पातळ जातीचे तेल घातले गेले असेल, तरी हेच घडेल. समजा, दिवा फक्त तीव्र वळणावर किंवा जोराने ब्रेक लावताना लागतो. मग इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधील तेल एका बाजूला जाऊन पंपाच्या तोंडी हवा येत असावी, आणि मुळात तेल कमी असावे. सकाळी इंजिन सुरू केल्यावर दिवा विझण्यास नेहमीपेक्षा अधिक सेकंद लागत असतील, तर ऑईल फिल्टरमधील तेल रात्रभरात उतरून जात असण्याचा, किंवा पंपाच्या तोंडावरची जाळी गाळाने बुजल्याचा संशय घ्यावा. याउलट दिवा खड्ड्यात गाडी आपटताच लागत असेल, इंजिन कितीही वेगाने फिरत असताना लागत असेल, पावसाळ्यात अधिक व उन्हाळ्यात कमी लागत असेल, तर संशयाची सुई वायरीकडे वळते. खड्ड्याला तेलाचा पातळपणा कळत नाही. सैल कपलरला मात्र खड्डा तत्काळ कळतो.

तरीही हे सर्व अनुमान आहे. अनुमानाला पुराव्याचे बळ येते ते तिसऱ्या पावलाने. सेन्सर काढून त्याच्या जागी साधा यांत्रिक दाबमापक जोडावयाचा. युजीन बुर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ साली ज्या वाकड्या नळीच्या दाबमापकाचे पेटंट घेतले, त्याच जातीचे हे उपकरण. दाबाने नळी उलगडते आणि काटा सरकतो. त्याला वायर लागत नाही, संगणक लागत नाही. म्हणूनच तो या प्रकरणातील स्वतंत्र साक्षीदार ठरतो. त्याच्या आट्या गाडीच्या आट्यांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत, आणि तापलेले तेल अंगावर उडू शकते. तेव्हा हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करवून घ्यावे. इंजिन पुरते तापू द्यावे, कारण थंड इंजिनावर घेतलेले माप आजारी इंजिनालाही निरोगी ठरविते. मग उभ्या गाडीवर एक आणि पुस्तिकेत सांगितलेल्या वेगावर दुसरे, अशी दोन मापे घ्यावीत. दाब खरोखरच कमी निघाला, तर सेन्सरचे प्रकरण तेथेच मिटले. त्याने आपले काम चोख केले होते, आणि आता इंजिनाची काळजी घ्यावयाची आहे. दाब दोन्ही वेळा योग्य निघाला, तरच विद्युत्-मार्गाची चौकशी सुरू करावी.

या चौकशीत गाडीच्या संगणकाची मदत होते, परंतु तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना दोषांची नोंद ठेवणारी प्रमाणित व्यवस्था सक्तीची झाली, आणि तीत तेलाच्या दाबासाठी ठराविक संकेतांक आहेत. पी ०५२२ म्हणजे निरोपाचे व्होल्ट फार कमी. पी ०५२३ म्हणजे ते फार जास्त. पी ०५२४ म्हणजे दाबच फार कमी. पहिले दोन संकेतांक वायरीकडे बोट दाखवितात आणि तिसरा तेलाकडे, असे वाटते. पण संगणकाला दाब कळतो तो त्याच सेन्सरकडून. साक्षीदाराने सांगितले तेच कारकुनाने लिहून ठेवले, म्हणून साक्षीदार दोन झाले असे होत नाही. 'सेन्सरच्या मार्गात दोष' या नोंदीचा अर्थही 'सेन्सर बदला' असा नव्हे. त्या मार्गात सेन्सर, कपलर, वायरी आणि संगणक हे चौघेही येतात.

संगणकाकडून याहून मोलाची गोष्ट मिळते ती म्हणजे चालू दाबाचा आलेख. खरा दाब कसा वागतो? तो इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो, वेगाबरोबर उतरतो, आणि तेल तापेल तसतसा हळूहळू खाली येतो. चाळीस पौंडांवरचा दाब, इंजिन एकाच वेगाने फिरत असताना, क्षणाच्या शतांश भागात शून्यावर जाऊन तितक्याच चपळाईने परत येत नाही. आलेखात अशी उभी दरी दिसली, तर ती तेलाची नव्हे, तुटणाऱ्या व जुळणाऱ्या वायरीची आहे असे जवळजवळ निःशंकपणे म्हणता येते. तसेच इंजिन बंद असून किल्ली चालू असताना आलेख शून्य दाखवितो की नाही, हेही पाहावे. बंद इंजिनातही पंधरा पौंड दाब सांगणाऱ्या सेन्सरच्या बाकीच्या विधानांवर कोण विश्वास ठेवील?

यानंतर हात घालावयाचा तो कपलरमध्ये. तो सोडवून आत पाहावे. आत तेल दिसले, तर सेन्सरचा पडदा फुटून तेल झिरपते आहे. असा सेन्सर बदलावाच लागतो. हिरवट बुरशीसारखा थर दिसला, तर पाणी शिरून टोके गंजली आहेत. टोके सैल झाली असतील, तर कपलर वरून घट्ट बसलेला दिसूनही आत स्पर्श तुटत असतो. मग इंजिन चालू ठेवून, आलेखावर नजर ठेवून, वायर टप्प्याटप्प्याने हळुवार हलवून पाहावी. पट्टे, पंखा आणि तापलेले भाग यांपासून हात दूर ठेवून. वायर जेथे एखाद्या कोपऱ्यावर घासते किंवा तापलेल्या भागाजवळून जाते, तेथे बहुधा आलेख उडी मारतो. दोष तेथेच आहे. ५ व्होल्टचा पुरवठा पुष्कळदा दोन-तीन सेन्सरांना मिळून एकच असतो, हेही विसरू नये. तेलाबरोबर आणखी एखाद्या सेन्सरची तक्रार त्याच वेळी नोंदलेली असेल, तर कदाचित दोघेही निर्दोष असून तिसऱ्याच कोणामुळे पुरवठा खाली ओढला जात असेल. एका वायरीच्या जुन्या स्विचला अर्थिंग मिळते ते त्याच्या आट्यांमधून; गळती थांबविण्यासाठी आट्यांवर भरपूर टेप गुंडाळली, तर ते अर्थिंगच तुटू शकते, आणि मग दिवा लागावयाचा तेव्हा लागत नाही.

दुरुस्ती झाली, तरी काम संपले असे समजू नये. जो दोष आठवड्यातून एकदा येत होता, तो दोन दिवस आला नाही यावरून काहीच ठरत नाही. तो पूर्वी ज्या परिस्थितीत येत असे, तीच परिस्थिती मुद्दाम निर्माण करावी; तोच खडबडीत रस्ता, तेच तापलेले इंजिन, तेच वळण. आणि पूर्वीच्या अंतराच्या तीन-चार पट काळ तो आला नाही, म्हणजे मगच टिपणवही मिटावी.

श्रोते हो, आपल्यापैकी बहुतेकांना पाना हाती घ्यावयाचा नसतो, आणि तसे करण्याची गरजही नाही. पण मेकॅनिककडे जाताना 'दिवा लागतो, बघा जरा' एवढेच सांगण्याऐवजी टिपण हाती द्यावे, आणि भाग बदलण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: 'दाब वेगळ्या मापकाने मोजला काय?' सेन्सरची किंमत इंजिनाच्या दुरुस्तीच्या मानाने अगदी किरकोळ असते, म्हणून तो बदलून पाहण्याचा मोह होतो. परंतु नवा सेन्सर बसविल्यावर दिवा योगायोगाने महिनाभर गप्प राहिला आणि मूळ दोष तेलातच असला, तर त्या महिन्यात बेअरिंगे झिजत राहतात. शिवाय चालकाची दिव्यावरची श्रद्धा उडालेली असते. पुढे एखाद्या रात्री, मुलेबाळे मागच्या आसनावर झोपलेली असताना, घाटात तो दिवा खरोखरच लागतो, आणि चालक म्हणतो, 'हा तर असाच लागतो.' इंजिन जाम होऊन गाडी मध्येच थांबते ती तेव्हा. दिवा खरा की खोटा याचा निकाल दिवसाउजेडी, गॅरेजात, मोजमाप घेऊन लावून ठेवला असेल, तर रात्री त्या तांबड्या ठिपक्याकडे पाहून काय करावयाचे, याचा विचार करीत बसावे लागत नाही.